शुक्रवारपर्यंत

मक्वालाच्या धाकट्या भावाचा, गोचाचा फोन शनिवारी सकाळी आला. "ताई, आई गेली," तो नाक ओढत म्हणाला. "पण तू घाबरू नकोस. शुक्रवारपर्यंत ठेवतो आम्ही तिला. तू ये."

तिकडे जॉर्जियात, कुताइसीच्या बाजूला, गेलेल्या माणसाची घाई कुणी करत नाही. पुढच्या खोलीत उघड्या पेटीत त्याला ठेवतात, बायका भोवती बसून आक्रोश करतात, आणि परदेशातली लेक पोहोचेपर्यंत थांबतात. हल्ली घरटी एक लेक परदेशात, त्यामुळे मेलेल्यांच्याही नशिबी ताटकळणं आलं.

मक्वाला इटलीतल्या बारी शहरात अकरा वर्षं होती. आली पर्यटक म्हणून आणि राहिली म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला. कागद नसलेली बाई इटलीबाहेर पडली की पुन्हा आत येणं नाही, म्हणून अकरा वर्षं तिनं आईला फोनवरच पाहिलं. दोन वर्षांपूर्वी सरकारला दया आली. घरात अशी बाई कामाला ठेवली असेल तर तिचं नाव कळवा, तिला राहायचा परवाना मिळेल, पुढे कायमचाही मिळेल, असा कायदा निघाला. आठ वर्षं ती जिला सांभाळत होती त्या म्हाताऱ्या नुन्झियामावशीच्या मुलानं, साबिनोनं, दूरच्या तुरीन शहरातून आईच्या नावानं अर्ज भरला. त्यानंतर सरकार जे झोपलं ते आत्ता जागं झालं. बोलावणं होतं बुधवारी दहाचं. मालकीण आणि कामवाली, दोघींनी समोर येऊन सही करायची. सही झाली की पावती, आणि त्या पावतीवर घरी जाऊन परत येता येणार होतं. त्याआधी पाऊल बाहेर टाकलं, तर सगळं पाण्यात.

बुधवारी सही, गुरुवारी विमान, शुक्रवारी आईजवळ. सगळं जुळत होतं. ते जुळल्याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

बुधवारी तिनं नुन्झियाला न्हाऊ घातलं, चांगला कोट चढवला. खिडकीमागचा कारकून तरुण होता, बोलायला मऊ होता. त्यानं वाकून विचारलं, "काय आजी, या बाई तुमच्याकडे कामाला आहेत ना?"

नुन्झिया ताठ झाली. "कामाला? छे! भाची आहे माझी. चार दिवस पाहुणी आलीय."

"मग हा अर्ज?"

"कसला अर्ज? मी काही भरलं नाही."

'भाची आहे, पाहुणी आलीय' हे वाक्य मक्वालानंच शिकवलं होतं. आठ वर्षं, सूप भरवताना, केस विंचरताना, तिनं ते म्हातारीकडून घोकून घेतलं होतं. पोलीस येवोत, पालिकेचा माणूस येवो, नाहीतर खालची चोंबडी शेजारीण, उत्तर एकच. नव्वदीतली नुन्झिया नवरा गेल्याचं विसरली, पोटच्या मुलाचं नाव विसरली. हे तेवढं विसरली नाही.

"मावशी, आज खरं सांगायचंय. घरी बोललो होतो ना आपण?"

नुन्झियानं तिचा हात दाबला आणि कारकुनाला ठणकावलं, "ऐकलंस? मावशी म्हणते मला!"

"बाई, त्यांना काही उमजत नाहीये," कारकून हळूच म्हणाला. "अशी सही मी नाही घेऊ शकत. मुलाला घेऊन या. पुढची तारीख महिन्यानं आहे."

"माझी आई घरात ठेवलीय हो," मक्वाला म्हणाली. "माझ्यासाठी थांबलेत सगळे."

कारकुनानं पुढची तारीख कागदावर लिहून तिच्याकडे सरकवली. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा काय उपयोग?

बाहेर बाकावर नुन्झियाशेजारी बसून तिनं गोचाला फोन लावला. मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"गोचा, उद्या नेऊन पुरा तिला."

"अगं, शुक्रवार कुठे आलाय अजून? हवं तर रविवारपर्यंत थांबू. मी सांगतो सगळ्यांना."

"नको. मी नाही येऊ शकत. तिला आणखी ताटकळत ठेवू नका."

गोचानं फोन नेऊन आईच्या कानाशी धरला. मक्वाला नुसती हुंदके देत राहिली.

नुन्झियानं रुमाल काढून तिचे गाल पुसले. "रडू नकोस, पोरी. कसा गप्प केला त्या खिडकीतल्या पोराला! मी जिवंत आहे तोवर तुला इथून कुठ्ठेही जाऊ देणार नाही."