ज्याने काढलं त्यानेच आणायचं

बायको गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडात खिळे होते. मी सोफे आणि खुर्च्या भरतो. कापड ताणून धरायला एक हात लागतो, हातोडीला दुसरा, म्हणून बारीक खिळे तोंडात ठेवायचे आणि जिभेनं एकेक पुढे काढायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. चर्चचे फादर दुकानात आले. पोरं त्यांना फुटबॉल फादर म्हणतात. झगा कमरेला खोचलेला, बुटांना माती. म्हणाले, "तुमची मंडळी गेली. रस्त्यात पडली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं."

मी काही बोललो नाही. बोलणार कसा? एकेक खिळा तळहातावर काढत राहिलो. फादरना वाटलं, काय धीराचा माणूस आहे. पुढे चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेच्या वेळी प्रवचनातही त्यांनी सांगितलं की या माणसानं ही बातमी किती शांतपणे स्वीकारली. खरं म्हणजे मी खिळा गिळला जाऊ नये एवढंच बघत होतो.

हातातली खुर्ची बिशपची होती. येत्या रविवारी बिशप हॉल बघायला येणार होते आणि त्यांच्यासाठी हिनं चर्चच्या माळ्यावरची जुनी खुर्ची माझ्याकडे पाठवली होती. "मखमल लाल लावा," म्हणाली होती, "आणि बैठक कडकच ठेवा. भाषण आटोपतं घेतील."

हॉल म्हणजे चर्चच्या मागचं लांबट पत्र्याचं घर. शाळा सुटल्यावर ज्यांची घरी कोणी वाट बघत नाही अशी पोरं तिथं येतात. खेळ, मग अभ्यास, शेवटी छोटी प्रार्थना. या फादर लोकांचा जो मूळ संत आहे, तो म्हणे रस्त्यावर हातचलाखीचे खेळ करायचा आणि बघणाऱ्या पोरांकडून पैशाऐवजी प्रार्थना वसूल करायचा. हा संत मला पटण्यासारखा वाटायचा, कारण निदान आधी माल दाखवायचा. हिनं त्यांच्या संघाचं वचन घेतलं होतं, तरुण पोरांसाठी जगायचं म्हणून. संसारी माणसाला घेता येतं असं वचन. मी विचारलं होतं, मग माझं काय? म्हणाली, "तुम्ही वचनात नाही, सवयीत आहात."

माझं आणि देवाचं म्हणाल तर शेजाऱ्यासारखं आहे. भांडण नाही, जाणं-येणंही नाही. बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, आता हिची माती. तिन्ही वेळा मला कोणीतरी धरूनच नेलं.

रविवारचा कार्यक्रम रद्द झाला, पण बिशप मातीला आले. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. अंगानं भरलेला माणूस, खुर्ची कुरकुरली, पण टिकली. प्रार्थना झाली. मग त्यांनी पवित्र पाण्याचं भांडं मागवलं, त्यात कुंचला बुडवला आणि पेटीवर पाणी शिंपडायला हात उचलला. त्याच वेळी मागच्या रांगेतून आवाज आला. नाक दाबून कोणीतरी शिंकल्यासारखा. मग दुसरा, मग सगळी रांगच. हॉलची सगळी पोरं मान खाली घालून गदागदा हलत होती. बिशपांना वाटलं पोरांचं दुःख अनावर झालं, म्हणून त्यांनी त्या बाजूला जास्तच पाणी उडवलं. त्यावर एका पोराला उठून बाहेर पळावं लागलं.

माती माझ्याच घरची असली तरी रडणं आणि हसू दाबणं यातला फरक मला कळतो. हिच्याबरोबर संसार केलाय.

माती झाल्यावर मी हॉलच्या झाडूवाल्या बाईंना गाठलं. पोरं त्यांना फौजदार म्हणतात. "पोरं हसत का होती?" मी विचारलं.

"रडत होती," फौजदार म्हणाल्या.

"बाई."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "भिंगरीमुळे," म्हणाल्या.

भिंगरी म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. आईबाप नाहीत, आत्याकडे राहते. आत्याची लाँड्री आहे. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. ही गेली त्या दिवशी दुपारी हॉलमध्ये बिशपांच्या स्वागताची तालीम चालली होती. आमची ही, म्हणजे पोरांची मावशी, त्यांना रांगेत उभं करत होती. तेवढ्यात भिंगरी आतून आली. मी बिशपच्या खुर्चीसाठी शिवून दिलेला उशीचा लाल अभ्रा तिनं डोक्यावर उभा चढवला होता, अगदी बिशपच्या टोपीसारखा. अंगावर टेबलक्लॉथ. एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात संडास घासायचा ब्रश. ती संथपणे, पोट पुढे काढून रांगेवरून गेली आणि एकेकाला ब्रशनं पाणी शिंपडत, नाकातून आवाज काढत आशीर्वाद देत गेली. फादरच्या पुढ्यात आली तेव्हा म्हणाली, "तुला दोनदा, बाळ. तुझे पाय घाण आहेत."

"आणि ही?" मी विचारलं.

"यांनी तोंड असं केलं," फौजदारांनी ओठ मुडपून दाखवले, "आणि म्हणाल्या, बाहेर हो. भिंगरीनं अभ्रा काढला, घडी घातली, बाकावर ठेवला आणि निघून गेली. मग या स्टोअररूममध्ये शिरल्या. मला वाटलं चक्कर आली. जाऊन बघते तर पोछ्याच्या दांड्याला धरून हसतायत. डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, तिच्यासमोर हसले असते तर बिशप आल्यावर मला आवरलं नसतं, पोरांचं तर सोडाच. मग डोळे पुसले, चपला घातल्या. म्हणाल्या, घेऊन येते तिला. आणि औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत पोचल्या."

हॉलचा एक नियम होता, हिनंच घातलेला. पोराला बाहेर काढायचं तर काढा, पण ज्याने काढलं त्यानेच दिवस मावळायच्या आत जाऊन परत आणायचं. निरोप पाठवायचा नाही. दुसऱ्याला पाठवायचं नाही. त्यामुळे तिथं सहसा कोणी कोणाला काढायचं नाही. चालणं कोणाला हवंय?

"मग भिंगरी?" मी विचारलं.

"मातीला नव्हती. हॉलवरही फिरकली नाही. आत्या म्हणते, जेवत नाही धड. आपल्यामुळे मावशी मेल्या असं डोक्यात घेतलंय."

आम्ही फादरकडे गेलो. फादर चेंडूत हवा भरत होते. ऐकून त्यांनी पंप बाजूला ठेवला. "मी गेलो असतो," म्हणाले, "कालच जाणार होतो. पण नियम आहे. मी गेलो तर ती म्हणेल, फादर दया दाखवायला आले. ज्याने काढलं त्यानेच आणायचं. आणि काढणारी तर..." त्यांनी छताकडे बोट केलं.

"ती येईपर्यंत थांबायचं म्हणजे शेवटच्या निवाड्यापर्यंत," मी म्हटलं.

फौजदार फादरकडे वळल्या. "लग्नात तुम्ही काय म्हणता हो? दोघं एक शरीर. म्हणता की नाही?"

"म्हणतो."

"मग हे गेले म्हणजे त्याच गेल्या."

फादरनी जरा विचार केला. "मरेपर्यंतच आहे ते," म्हणाले. "धर्मशास्त्राप्रमाणे बसायला थोडं अवघड आहे."

"पंक्चर झालेल्या चेंडूत हवा भरताय कधीपासून," फौजदार म्हणाल्या, "तेही शास्त्रात बसत नाही."

अशा रीतीनं मला माझ्या बायकोचं शरीर ठरवण्यात आलं. एरवी त्या एका शरीराचं डोकं तीच होती. माझ्या वाट्याला पाय आले.

लाँड्रीत वाफ आणि ओल्या सुताचा वास. आत्या इस्त्री करत होती. मला बघून तिनं इस्त्री उभी केली. "वाईट झालं," म्हणाली. "बाई चांगली होती. माझ्या पोरीला डोक्यावर बसवून ठेवलं होतं तिनं, आता उतरवायचं कोणी? बसा. तिथं नको, ते डॉक्टरांचे कोट आहेत."

भिंगरी मागच्या बाजूला चादरी पिळत होती. बाहेर आली नाही. मी स्टुलावर बसलो. काय बोलायचं असतं मला माहीत नव्हतं. हिला माहीत असायचं. ही म्हणायची, पोराजवळ जाऊन बसा, बाकीचं आपोआप होतं. मी बसलो. आपोआप काही झालं नाही. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा आत्यानं मला उठवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आत्या म्हणाली, "तुम्ही रोज येणार असाल तर टॉवेलांच्या घड्या घाला."

मी घड्या घालायला लागलो. बऱ्याच वेळानं भिंगरी आली, माझ्या समोरचा टॉवेल ओढला आणि म्हणाली, "अशी नाही घालत."

"मग कशी?"

तिनं घालून दाखवली. मग मान वर न करता म्हणाली, "ब्रश नवीन होता. पाकिटातला. मी कोणावर घाण पाणी नाही उडवलं."

"माहीत आहे."

"मावशी रागावून गेल्या."

"नाही गेली."

"तुम्ही कुठे होतात तिथे?"

"नव्हतो. पण तिला रागावलेली मी तुझ्यापेक्षा जास्त पाहिलीय. ती रागावली की खाली बसते, हात मांडीवर ठेवते आणि भिंतीकडे बघते. चपला घालून निघत नाही. चपला घातल्या म्हणजे राग नव्हता."

"मग काढलं का?"

"हसू येत होतं म्हणून."

ती हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. मी फौजदारांनी पाहिलेलं सगळं सांगितलं. स्टोअररूम, पोछा, डोळ्यांतलं पाणी.

"पोछ्याला धरून?" तिनं विचारलं.

"दांड्याला."

"शपथ घ्या."

"देवाशपथ."

"तुमच्या देवाशपथेला काय अर्थ आहे, काका? मावशी सांगायच्या, तुमची त्याच्याशी ओळखही नीट नाही."

आत्या इस्त्री थांबवून ऐकत होती. "बरोबर आहे पोरीचं," म्हणाली.

"मग कशाची घेऊ?"

भिंगरीनं विचार केला. "हातोडीची."

मी हातोडीची शपथ घेतली. यात विनोद नव्हता. त्या हातोडीवर माझं पोट चालतं.

तिच्या तोंडाचे कोपरे हलले, मग ओठ मुडपले गेले, आणि ते थेट फौजदारांनी करून दाखवलेल्या हिच्या तोंडासारखं झालं. मी टॉवेलाकडे बघायला लागलो. भिंगरी रडली. हसलीसुद्धा, पण मधूनमधून. आत्यानं तिच्याकडे एक टॉवेल फेकला आणि म्हणाली, "हा परत धुवावा लागणार."

त्या संध्याकाळी भिंगरी माझ्याबरोबर निघाली. औषधांच्या दुकानाचा कोपरा आला आणि ती थांबली. तिथून हॉलचं फाटक दिसतं. पोरांचा ओरडा ऐकू येतो. फादर कोणालातरी पाय अडवून पाडत होते आणि वर पंचाशी वाद घालत होते.

"इथेच ना?" तिनं विचारलं.

"इथेच."

तिनं फरशीकडे बघितलं. फरशीवर काहीच नव्हतं. दुकानदारानं काउंटरमागून आमच्याकडे बघून नमस्कार केला.

"उद्या," भिंगरी म्हणाली आणि परत फिरली.

तेव्हापासून दुकान बंद करून मी रोज लाँड्रीत जातो, थोड्या घड्या घालतो, आता त्या बऱ्या जमतात, आणि आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत येतो. एकदा फादरनी फाटकातून हात हलवला. फौजदारांनी त्यांना मागे ओढलं, बरं केलं. एकदा भिंगरीनं विचारलं की मावशींच्या चपलांचं काय केलं. मी म्हटलं, दवाखान्यातून आणल्या तेव्हापासून दाराशी आहेत, काढल्या नाहीत. ती म्हणाली, काढू नका. बिशपांची नवी तारीख आलीय, पुढच्या महिन्यातली. खुर्चीची बैठक झाली, कडकच ठेवलीय. पाठीची मखमल ताणून ठोकायची राहिलीय, आणि उशीचा अभ्रा अजून बाकावर घडी घालून तसाच पडलाय, कोणी उचललेला नाही.

आणि कोपऱ्यापासून फाटकापर्यंत तिला आणायचं राहिलंय.