एकटा टुआटारा आणि चाळीस शब्द

संग्रहालयात पाट्या लिहिणाऱ्या बाईंना सगळे पाटीताई म्हणत. सतरा वर्षांत त्यांची एकही पाटी अडली नव्हती. नव्या दालनाची मात्र अडली.

दालनाच्या एका भिंतीवर पार छतापर्यंत सरडे, पाली आणि साप मांडले होते. समोरच्या पेटीत एकच प्राणी, टुआटारा. दिसायला सरडा, पण सरडा नव्हे. दोन्ही घराणी जवळपास पंचवीस कोटी वर्षांपूर्वी एकाच पूर्वजापासून फुटलेली. तिकडे आज अकरा हजारांच्या आसपास जाती, इकडे हा एकटा. असं का झालं, ते चाळीस शब्दांत लिहायचं होतं आणि उद्घाटन परवावर आलं होतं.

ताईंनी झटक्यात लिहिलं, 'सरडे-साप झाडावर चढले, बिळात शिरले, काहींचे पायही गेले. म्हणून त्यांच्या जाती वाढल्या.'

संशोधक मॅडमनी कागद वाचला. "पाय गेले म्हणून जाती वाढल्या, की जाती वाढल्या म्हणून कुणाचे तरी पाय गेले?"

"म्हणजे चुकलं?"

"चुकलं असंही म्हणता येत नाही."

ताईंनी दुसरा कागद घेतला. टुआटारा फार सावकाश वाढतो, म्हणून मागे पडला, असं लिहून त्या निघाल्या, तर जिन्यात पेंढाकाका भेटले. मेलेल्या जनावरांच्या कातड्यात पेंढा भरण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी कागद वाचला, तसेच तळघरात गेले आणि एक ट्रे घेऊन आले. कापसावर दगड झालेले बोटाएवढे जबडे होते.

"हे सगळे याचेच भाऊबंद. कुणी पाला खायचा, कुणी समुद्रात पोहायचा. मागे कसला पडतोय? घर भरलेलं होतं याचं."

"मग गेले कुठे?"

"मेले."

"कशानं?"

"ते मला नका विचारू. मी पेंढा भरतो."

ताई पुन्हा मॅडमकडे. "सरड्यांनी हुसकावलं म्हणतात," मॅडम म्हणाल्या, "हवामान बदललं म्हणतात. थोडं नशीबही असतं."

"अकरा हजार आणि एक, हे नशीब?"

"नाही, एवढं नशिबावर नाही ढकलता येणार," म्हणत मॅडमनीच तो शब्द मागे घेतला.

घरी ताईंनी नवऱ्याला सगळं अर्धा तास समजावलं. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरं, पण मग सरडे एवढे का वाढले?" ताईंना रडू की हसू कळेना.

सकाळी त्यांनी लिहिलं, 'एवढा फरक का पडला? कारणं बरीच सांगतात, पण त्यांचा मेळ बसत नाही. पाटीखाली मांडलेले जबडेही पाहा.' मॅडमनी दोनदा वाचून सही केली आणि काकांचा ट्रे पाटीखाली मांडायला सांगितला.

उद्घाटनाला एक गृहस्थ पाटीपाशी बराच वेळ उभे राहिले. "अर्धीच राहिली वाटतं?"

ताई समजावू लागल्या आणि मध्येच अडखळल्या. आपल्याच वाक्यात कारणाच्या जागी परिणाम आलाय, असं त्यांना वाटलं.

"मला वाटलं, मलाच कळत नाहीये," गृहस्थ म्हणाले.

"नाही हो. अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. तुमचं बरोबर चाललंय."

ते जबड्यांवर वाकले. इस्त्रीचा शर्ट घातलेले पेंढाकाका पुढे झाले आणि त्यांतला पोहणारा कोणता, ते दाखवू लागले.