एकोणिसाव्या भागातली सावली

मी एक जुना व्हीसीआर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलंही नसेल. माझ्या पोटात कॅसेट सरकवली की तिच्यातलं चित्र टीव्हीवर दिसायचं. चित्र वाचणारे माझे बारीक हेड चांगल्या प्रतीचे आहेत. त्यामुळे मी चित्र मध्येच थांबवलं तरी ते थरथरत नाही. या एका गुणापायी मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आणि मला त्याचा अभिमान आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. आयुष्य गेलं अमेरिकेत, मिलवॉकी शहरात. पहिला मालक माझ्यावर फक्त फुटबॉलचे सामने बघायचा. माझा रबरी पट्टा ढिला पडला आणि मी त्याची कॅसेट चावली, तेव्हा त्याने मला दुरुस्तीच्या दुकानात आणून आपटलं. परत फिरकलाच नाही.

त्या दुकानात रेनाटा विसोत्स्की कामाला होती. वय सव्वीस, हाताला कायम सोल्डरिंगचा वास. तिने नवा पट्टा घातला, हेड पुसले आणि मला घरी नेलं. तिला जपानी कार्टून मालिकांचं विलक्षण वेड होतं. गावात तसल्या वेड्यांचं एक मंडळ होतं. दर रविवारी दुपारी ग्रंथालयाच्या तळघरात तीसेक जण जमायचे. जपानहून आलेल्या मालिकांवर कुणी हौशी इंग्रजी ओळी चढवून पाठवायचं. त्यांच्या प्रती काढायचं काम रेनाटाचं, म्हणजे पर्यायाने माझं. चार वर्षं आम्ही दोघांनी मंडळाच्या टेप उतरवल्या, मंडळाची यंत्रं दुरुस्त केली. सगळे म्हणायचे, "रेनाटा म्हणजे सोनं आहे."

तिची लाडकी मालिका होती मिनेको नावाच्या वैमानिक बाईची. मिनेको मोडकं अंतराळयान एकटी दुरुस्त करायची. पहिल्या भागात तिने यानाचं इंजिन उघडलं, तेव्हा रेनाटा माझ्यासमोर उकिडवी बसून रडली होती. पाना हातात घेतलेली बाई तिने पडद्यावर कधी पाहिलीच नव्हती.

पण मिनेको इंजिनाखाली शिरली की कॅमेरा इंजिन सोडून तिच्या झग्याखाली शिरायचा. रेनाटा माझं बटण दाबून चित्र थांबवायची आणि वहीत टिपून ठेवायची. "इंजिनाखाली शिरताना कुठली शहाणी बाई एवढा आखूड झगा घालते रे?" असं मलाच विचारायची. टेप झिजू नये म्हणून थांबवलेलं चित्र पाच मिनिटांनी सोडून द्यायचं, असा माझा नियम. मी सोडलं की ती पुन्हा दाबायची. सव्वीस भाग तिने असे पाहिले. मग मंडळाच्या पत्रिकेसाठी तिने लेख लिहिला.

मंडळाचा प्रमुख होता वेंडेल. माणूस वाईट नव्हता. त्याने लेख वाचून परत केला.

"अगं, कार्टून आहे ते! एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"तू गेल्या महिन्यात रोबोटच्या गुडघ्यावर नऊ पानं लिहिलीस, वेंडेल."

"ते तांत्रिक होतं. हे म्हणजे... तिकडे चालतं असं. त्यांची संस्कृती आहे. नाही आवडत तर बघू नकोस ना."

"आवडतं म्हणून तर सव्वीस भाग तीनतीनदा बघितले. न आवडणाऱ्यासाठी कोण एवढी वही भरतं?"

लेख छापला गेला नाही.

त्या वर्षी शहरातल्या एका हॉटेलात मंडळांचा मेळावा होता. रेनाटाला शनिवारी दुपारी अर्धा तास मिळाला होता. विषय होता, 'आपला व्हीसीआर आपणच साफ करा'. तिने मला टेबलावर ठेवलं, झाकण उघडून हेड पुसून दाखवले, झाकण लावलं. मग मिनेकोची टेप आत सरकवली.

"आता थांबवायचं बटण नीट चालतंय का, ते बघू."

एकेक चित्र ती थांबवत गेली आणि बोलत गेली. पहिल्यांदा हशा झाला, मग कुजबुज, मग आरडाओरडा. "दुरुस्तीचं बोल!" "भाषण नको!" वेंडेल दारातून हातवारे करून आवरतं घे म्हणत होता. पुढच्या रांगेतला एक जण उभा राहून ओरडला, "जपानी बायकांना काही वाटत नाही, तुलाच का एवढं झोंबतंय?"

रेनाटाचा आवाज चढला. "त्या बिचाऱ्या गप्प बसतात, म्हणून आपण बोलायला हवं!"

"कोण गप्प बसतं?"

आवाज मागून आला. मेळाव्यात दुभाष्याचं काम करणाऱ्या चिझुरु हॅन्सन उठून पुढे येत होत्या. साठीच्या ठेंगण्या बाई. लग्न करून अमेरिकेत येण्याआधी तोक्योत अकरा वर्षं त्यांनी कार्टूनची चित्रं रंगवली होती. मिनेकोचीसुद्धा.

"तुम्ही म्हणता काही वाटत नाही," त्या पुढच्या रांगेतल्या माणसाला म्हणाल्या. "मला विचारलंत कधी?" मग रेनाटाकडे वळल्या. "आणि तू, पोरी! आम्ही बिचाऱ्या काय? तू तरी कुणाला विचारलंस?"

रेनाटाचा चेहरा लाल झाला. तिने स्वतःची खुर्ची पुढे केली.

"चुकलं माझं. बसा. सांगा तुम्ही."

"एकोणिसावा भाग लाव."

रेनाटाने लावला. मिनेको शिडी चढत होती आणि कॅमेरा खालून बघत होता. "थांबव," बाई म्हणाल्या. मी थांबलो. झग्याखाली काहीच दिसत नव्हतं. नुसता गडद निळा डाग.

मित्रांनो, हा डाग रेनाटाला माहीत होता. वहीत तिने लिहिलं होतं, 'प्रत खराब'. त्यापायी माझे हेड तीनदा पुसले होते! आत्ताही ती तेच म्हणाली.

"प्रत खराब नाही," चिझुरुबाई म्हणाल्या. "आम्ही सहा जणींनी साहेबांना लेखी सांगितलं होतं, असली चित्रं आम्हाला रंगवायला लावू नका. साहेबांनी हसून कागद परत दिला. मग साहेबांनी सांगितलेला रंग आम्ही भरलाच नाही. सगळीकडे सावली भरली. साहेब खूप ओरडले. पण दुसऱ्या दिवशी भाग टीव्हीवर जायचा होता. पुन्हा रंगवायला वेळ कुठला?"

"आणि पुढे?" रेनाटाने हळूच विचारलं.

"दोघींना काढलं. त्यातली एक मी. विसाव्या भागापासून पुन्हा तेच."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाच मिनिटं झाली आणि मी चित्र सोडलं. तेव्हा पुढच्या रांगेतून एका मुलीने उठून माझं बटण दाबलं.

नंतर वेंडेलने रेनाटाला जिन्यात गाठलं. "पुढच्या रविवारपासून फक्त टेप उतरवायच्या. हे बाकीचं बंद. कबूल?"

"नाही. तुमच्या टेप आता तुम्हीच उतरवा."

तिने मला काखेत मारलं आणि आम्ही निघालो.

मंडळ काही सुधारलं नाही. कार्टूनवाल्यांनी झगे लांब केले, असंही झालं नाही. रेनाटाला शिव्यांची पत्रं आली. एकात तर मेलेली माशी होती. पण अकरा जण मंडळ सोडून तिच्याकडे आले आणि लाँड्रीच्या वरच्या खोलीत आमच्या बैठका सुरू झाल्या. पत्रिका निघाली. त्यातली दोन पानं चिझुरुबाई जपानीत लिहायच्या आणि जुन्या मैत्रिणींना धाडायच्या. तोक्योहून पहिलं उत्तर आलं ते असं: 'आम्हीही इथे भांडतो आहोत. तुम्ही जरूर भांडा, पण आमच्या वतीने नको. आमच्या शेजारी बसून भांडा.' रेनाटाने ते भिंतीवर चिकटवलं.

मग डीव्हीडी आल्या, संगणक आले. मी कपाटावर गेलो. बारा वर्षं कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. चिझुरुबाई गेल्याचं मला कपाटावरूनच कळलं. त्या दिवशी रेनाटाने मला खाली काढलं, एकोणिसावा भाग लावला आणि चित्र थांबवून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. सुटलं की पुन्हा दाबत होती.

अलीकडे विद्यापीठाची माणसं आली. मला काचेच्या पेटीत ठेवायचं म्हणाली. "चालू नसला तरी चालेल."

"मला चालणार नाही," रेनाटा म्हणाली. "वीज द्या, बटण दाबायला मुलं द्या. नाहीतर तो इथेच बरा."

त्यांना ऐकावं लागलं. आता दर गुरुवारी विद्यार्थी मला लावतात आणि कडाकडा भांडतात. परवा एकीने रेनाटाच्या वहीतलं एक पान साफ चुकीचं ठरवलं. रेनाटा तिथेच बसली होती. म्हणाली, "दाखव कुठे ते."

मित्रांनो, लाडक्या गोष्टीला प्रश्न विचारल्याने ती गोष्ट मोडत नाही. मला विचारा, मी हजारदा थांबलो आहे. 'एवढं काय मनाला लावून घेतोस' असं कुणी म्हणालं तर खुशाल मनाला लावून घ्या. फक्त टेप आधी पूर्ण बघा आणि जिने चित्र रंगवलं तिला विचारा. आणि भांडण संपलं की माझ्यावर एक फडकं टाकत जा. शिव्या मला सोसतात, धूळ सोसत नाही.