ठेंगूची उंची

रंगाऱ्याला कौतुकाची भारी हौस. आता रंगाऱ्याचं कौतुक करतो कोण? भिंत खुलून दिसली तर घर मालकाचं, आणि पोपडे निघाले तर रंगारी चोर. म्हणून जुनी शाळा दुरुस्त करून तिचं संग्रहालय केलं, तेव्हापासून त्यानं बायकोच्या मागे धोशा लावला होता. "अगं, एकदा बघायला चल. चार महिने घासलीय ती शाळा मी. दारांवरून हात फिरवलास तर काच वाटेल तुला."

बायको गेली अकरा वर्षं कामाशिवाय उंबरा ओलांडत नव्हती. शिवणाचं मशीन, ओटा आणि खिडकी, संपलं तिचं जग. जेवताना तो दारांचं पुराण लावायचा आणि ती "हं" म्हणायची. ते हं त्याला होतं की भांड्यातल्या वाफेला, हे देवच जाणे. पण आज सकाळी ती आपणहून तयार झाली, ठेवणीतले कपडे घालून दारात येऊन उभी राहिली. रंगाऱ्याला आभाळ ठेंगणं झालं.

रस्त्याच्या वळणावर तिनं विचारलं, "तुम्हीच म्हणालात ना, शाळा होती तशी ठेवलीय?"

"मग! खिळासुद्धा नवा नाही."

"म्हणजे आपल्या ठेंगूची खूण असेल."

ठेंगू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून ते नाव. याच शाळेत चौथीत होती. आठ दिवस ताप आला आणि नवव्या वर्षी गेली. तिचं नाव त्या घरात कुणी काढत नसे, आणि आज ते भर रस्त्यात निघालं.

"कसली खूण?"

"तिसऱ्या खोलीच्या चौकटीवर. बाई दर वर्षी पोरांना तिथं उभं करायच्या, डोक्यावर पट्टी धरायच्या, चाकूनं खाच पाडायच्या आणि बाजूला नाव लिहायच्या. ही टाचा उचलायची, बाई खांदे दाबायच्या. शेवटच्या वर्षी चार बोटं वाढली होती. सांगितलं होतं की तुम्हाला, बघायला बोलावलं होतं."

बोलावलं होतं, खरं होतं. तो म्हणाला होता, रविवारी येतो. रविवारी कुणाचं तरी छत रंगवायचं निघालं, आणि पुढच्या रविवारी पोर अंथरुणात होती. तो त्या शाळेत पहिल्यांदा गेला तो थेट खरवडायला.

"फोटो आहेत की घरी," तो कसाबसा म्हणाला.

"फोटोत उंची कळते का? माझा हात विसरलाय हो. आधी डोळे मिटून कळायचं, तिचं डोकं कुठं लागतं ते. आता हवेत हात धरून बघते, आणि काहीच कळत नाही. एकदा त्या खाचेवर हात ठेवला की झालं. मला दुसरं काही बघायचं नाही तिथं."

तिसऱ्या खोलीची चौकट त्यानं सगळ्यांत आधी घेतली होती. गरम हवेचं मशीन धरलं की हिरवा तेलरंग फुगायचा आणि पात्यानं सालीसारखा निघायचा. त्या रंगावर काहीबाही लिहिलेलं होतं. पुष्कळ होतं, पण त्यानं वाचलं नव्हतं. त्याचा उस्ताद सांगायचा, खरवडणाऱ्यानं वाचू नये. वाचलं की हात थांबतो, आणि हात थांबला की लाकूड जळतं. तीस वर्षं त्यानं हा नियम पाळला, किती घरांतली किती पोरांची अक्षरं न वाचता खाली पाडली. आणि खाचा? लाकडाचा भुसा सरसात मळून एकेक खाच भरली होती त्यानं, दीड दिवस बसून. वर पॉलिश पेपर, वर पॉलिशचे तीन हात. एवढं मन लावून त्यानं आयुष्यात दुसरं काम केलं नसेल.

"आज गर्दी असेल. परत कधी येऊ," तो म्हणाला.

"असू दे गर्दी," ती म्हणाली आणि त्याच्या पुढे चालू लागली. तिला सांगून टाकावं असं त्याच्या दहादा मनात आलं, पण दर वेळी तोंडातून पॉलिशच्याच गोष्टी निघाल्या.

गर्दी कसली, शाळेत चिटपाखरू नव्हतं. बाकांना दोरी बांधून पाटी लावली होती, "बसू नये". ज्या बाकांवर पोरांना छड्या मारून बसवायचे, त्यांच्यावर आता बसायला बंदी! तिकिटाच्या खिडकीतल्या ताईंनी रंगाऱ्याला ओळखलं आणि त्या लगबगीनं बाहेर आल्या.

"अहो, या या! वहिनी ना? तुमच्या यजमानांच्या हातात जादू आहे हो. तिसऱ्या खोलीची चौकट तर बघाच. पोरांनी चिरा पाडून, नावं गिरवून पार नासवली होती. यांनी अशी केली की नव्यानं बसवल्यासारखी वाटते. आमचा नियमच तो, शाळा बांधली त्या वर्षी जे नव्हतं ते ठेवायचं नाही."

जन्मभर ज्या कौतुकासाठी तो झुरला, ते असं वाट्याला आलं. बायकोनं त्याच्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती तडक तिसऱ्या खोलीकडे गेली.

चौकट खरोखरच देखणी दिसत होती, खिडकीतलं ऊन तिच्यात उतरलं होतं. रंगारी गुडघ्यावर बसला आणि नखानं चाचपू लागला. आपण भरलेली खाच आपल्याला नाही तर कुणाला सापडणार? एक सापडली तरी पुरे होती, कुणाचीही का असेना, हीच तिची म्हणून सांगता आलं असतं. त्यानं खालून वर बोट फिरवलं, मग वरून खाली. बोट कुठंच अडलं नाही. काम चोख झालं होतं. त्याला रडू फुटलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून तो चौकटीला तोंड लावून बसून राहिला.

बायकोनं चौकटीशेजारी हवेत तळहात आडवा धरला.

"इतकी होती ना हो?"

त्यानं वर बघितलं. त्याला आठवेना. रोज तो घरी यायचा तेव्हा पोर झोपलेली असायची. त्यानं ती पाहिली होती ती जास्त करून आडवीच.

"हो," तो म्हणाला.

तिनं हात वीतभर खाली आणला. "की इतकी?"

"हो."

मग तिनं हात पुन्हा थोडा वर नेला. तिसऱ्यांदा तिनं त्याला विचारलं नाही.