जुनी केबल, नवा सप्लाय

“तू आधी किती मशीन जोडलीयेस तेवढं सांग. मग माझं डोकं खा.”

चष्मेवाल्यानं हे म्हटलं ते मान वर न करताच. कुणाच्या तरी उघड्या कॉम्प्युटरमधून तो ब्रशनं धूळ काढत होता. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. तीन माणसं आत शिरली की चौथ्यानं बाहेरूनच बोलायचं.

खटक्याची कानशिलं तापली. “त्याचं तुम्हाला काय करायचंय? मी निवडलेले पार्ट बरोबर आहेत का नाहीत, एवढंच बोला.”

“बरोबर आहेत. फोनमध्ये बघून कुणीही बरोबर सांगतं.”

“कुणीही म्हणजे?”

“अरे, हळू,” मावशी म्हणाली. “आपण भांडायला आलोय का मशीन करायला?”

चष्मेवाला आता तिच्याशी बोलायला लागला, जणू खटक्या तिथं नव्हताच. “ताई, जुन्या मशीनमधली डिस्क यात लावायची म्हणताय. तिची कॉपी काढलीय कुठे?”

“नाही हो.”

“मग आधी ती काढू. डिस्क ठेवून जा. जोडणीचा नंबर पुढच्या आठवड्यात लागेल.”

“पुढच्या आठवड्यात?” खटक्या उसळला. “डिस्क इकडची काढून तिकडे लावायची, त्यात कॉपी कसली डोंबलाची? चल गं मावशी. यांच्याकडे दिलं तर मशीन यायच्या आधी मला दाढी येईल.”

“दाढी आली तर अक्कलही येईल कदाचित,” चष्मेवाला ब्रशला म्हणाला.

झालं. खटक्या तिथून जो निघाला तो रस्ता ओलांडूनच थांबला. मावशी मागून आली, पर्स छातीशी धरून, धापा टाकत.

त्याला खटक्या उगाच म्हणत नसत. खटका दाबायचा अवकाश, हा पेटलाच. शाळाही त्यानं अशीच सोडली. सरांशी वाजलं, दप्तर बाकावर तसंच ठेवून जो घरी आला तो पुन्हा गेला नाही. दप्तर आणायला बापाला जावं लागलं. तेव्हापासून घरात कुणी त्याच्या हातात कपबशीसुद्धा विश्वासानं देत नव्हतं. मावशीनं मात्र अख्खं मशीन दिलं होतं. त्याच्या बापाला तिनं तोंडावर सांगितलं होतं, “पार्ट हाच निवडणार. मला यातलं काही कळत नाही, आणि याला दुसरं काही कळत नाही.”

मशीन हवं होतं काकांसाठी. मावशीचा नवरा, म्हणून काका. आता कुणाला वाटेल, साठीच्या माणसाला गेमिंगचं मशीन कशाला? तर काका आणि मावशी कितीतरी वर्षं मिळून एक रेल्वेचा गेम खेळत होते. काकांनी रूळ टाकायचे, पूल बांधायचे, डोंगर पोखरायचे. मावशीनं गाड्यांच्या वेळा लावायच्या. हॉस्पिटलात नर्स होती ती, पाळ्या लावायची सवय हाडात मुरलेली. स्टेशनांना नावं दोघांनी मिळून ठेवलेली: आलोच, दमलीस का, चष्मा कुठाय, भांडण जंक्शन.

मग काकांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. महिनाभर तोंडातून शब्द नाही. एक दिवस मावशीनं सहज खुर्ची स्क्रीनसमोर नेली, गेम लावला. गाडी स्टेशनात शिरली आणि काका म्हणाले, “आलोच.” मावशी तिथंच जमिनीवर बसली. तेव्हापासून रोज तोच पाठ. गाडी यायची, काका नाव घ्यायचे. बाकी सगळे शब्द कुठं हरवले होते देव जाणे, पण स्टेशनं शाबूत होती.

पण इतक्या वर्षांत गाड्या झाल्या होत्या ढीगभर आणि मशीन झालं होतं म्हातारं. गाडी मध्येच अडकायची, स्क्रीन थिजायची. काकांचा शब्द ओठावर यायचा, गाडी यायची नाही आणि शब्द परत आत जायचा. ते बघवायचं नाही. आधी खटक्याच म्हणाला होता, “मावशी, मशीन बदल. तगडं घे. मी बघतो सगळं.”

आणि ही सगळी रेल्वे होती एका जुन्या डिस्कवर. दुसरीकडे कुठंही नाही.

दुसरा जोडणारा मिळाला तो एकदम चकाचक. काचेचं दुकान, निळे दिवे, भिंतीवर मशीनचे फोटो. मशीन जोडताना हा व्हिडिओ काढायचा आणि पहिल्यांदा चालू करायचा तो सरळ लाइव्ह, लोकांसमोर. लहान-मोठा कुणीही असो, तो ‘बॉस’च म्हणायचा.

“बोल बॉस, काय बनवायचं?”

खटक्याला कुणी आजवर बॉस म्हटलं नव्हतं. त्यानं घसा साफ केला. “प्रोसेसर सगळ्यात तगडा. गाड्यांचा हिशोब तोच करतो.”

“करेक्ट.”

“कार्डपण मोठं. धूर, पाणी, झाडं, सगळं त्यावर.”

“काय बोललास बॉस! इथं मोठी माणसं येतात, त्यांना हे समजवता समजवता मी थकतो.”

मावशी त्या माणसाकडे बघत होती, नवीन डॉक्टरकडे नर्सनं बघावं तशी. “कार्ड एवढं लांब? आणि हे दिवे कशाला? मेडिकलची पाटी आहे का लुकलुकायला?”

“मावशी, दिवे फुकट येतात.”

“फुकट येतं ते आजारपणच येतं.”

कार्ड लांब, म्हणून कपाट मोठं घ्यावं लागलं. म्हणजे मशीनचं कॅबिनेट हो, मावशी त्याला कपाट म्हणायची. खटक्यानं दुकानातलं सगळ्यात मोठं निवडलं. दुकानदार नको म्हणालाच नाही. तो कशालाच नको म्हणत नव्हता. खटक्यानं पंखा बदलला, “मस्त.” परत पहिला घेतला, “अजून मस्त.” बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, “तो जिन्याखालचा बरा वाटला होता मला. निदान काही विचारत तरी होता.”

“तो माझा अपमान करत होता!”

“हो, तेही करत होता,” मावशी म्हणाली. “पण मशीन तुझ्या हातात दिलंय. तू म्हणशील तसं.”

जोडणीच्या दिवशी सकाळी खटक्यानं जुनं मशीन उघडलं, डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि वाटेत कुठं धक्का लागू नये म्हणून पोटाशी धरून नेली. सोबत पिशवीत जुना पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि त्याच्या केबलींचा गुंता. असू द्यावं, काय लागेल सांगता येत नाही. दुपारपर्यंत तो दुकानातच होता. सगळं सरळ चाललं होतं, शेवटी फक्त डिस्कशी अडलं. कपाट एवढं मोठं की डिस्कची जागा पार दुसऱ्या टोकाला, आणि नव्या सप्लायची केबल तिथवर पोचेना. वीतभर कमी.

“बॉस, आखूड पडतेय. तुझ्या पिशवीतली जुनी लावू? लांब आहे ती.”

“लावा की. कंपनी तीच आहे.”

“तू म्हणशील तसं. खट्‌कन बसली बघ.”

आखूड केबल खटक्यानं सहज खिशात टाकली. दुकानदार म्हणाला, “आता केबली आवरतो, साफ करतो, लाइट सेट करतो. सहाला लाइव्ह चालू करू. तू घरूनच बघ, बॉस.”

म्हणून संध्याकाळी खटक्या मावशीकडे बसला होता. काका रिकाम्या टेबलासमोर. मशीन नाही, स्क्रीन काळी. सकाळी डिस्क काढल्यापासून त्यांनी एक शब्द काढला नव्हता. मावशीनं त्यांना औषध दिलं, तोंड पुसलं, म्हणाली, “आज रात्री गाड्या सुरू हं.” काकांनी स्क्रीनकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि परत स्क्रीनकडे.

खटक्याच्या हाताला चैन नव्हती. पाय हलवून झाला, नखं खाऊन झाली. खिशातली केबल काढून तो बोटाभोवती गुंडाळायला लागला. सप्लायच्या बाजूचं तोंड सहा भोकांचं. पाच भोकांत तारा, एक रिकामं. पिशवीत जुन्या सप्लायची आणखी एक केबल उरली होती. तीही त्यानं सहजच काढली. तेच सहा भोकांचं तोंड. इथंही एक रिकामं.

पण दुसरंच.

त्यानं दोन्ही तोंडं शेजारी धरली. उलटी केली, परत सुलटी केली. नव्या केबलीत रिकामं भोक खाली, मधलं. जुनीत वर, कोपऱ्यातलं. मग त्यानं एकेक तार बोटानं चाचपत दुसऱ्या टोकापर्यंत नेली. नव्या केबलीत पहिल्या भोकातली तार डिस्कच्या खोबणीत एका कडेला जात होती. जुनीत तीच तार निघाली पार दुसऱ्या कडेला.

बाहेरून सख्ख्या बहिणी. आतून एकमेकींशी काही संबंध नाही. म्हणजे डिस्कमध्ये वीज भलत्याच तारेतून शिरणार.

त्यानं फोन काढला, शोधलं. पहिलाच फोटो जळक्या डिस्कचा. काळा डाग, वितळलेली चिप. खाली कुणीतरी रडत लिहिलेलं, कंपनी तीच होती हो. दुसरा फोटो तसाच. तिसरा बघायचं धाडस झालं नाही.

त्यानं दुकानदाराला फोन लावला. रिंग वाजली, वाजली आणि थांबली. परत लावला. तसंच. लाइव्हच्या पानावर पाटी झळकत होती: ‘थोड्याच वेळात!’ खाली लोकांची बदामं उडत होती. त्यानं तिथं लिहिलं, ‘चालू करू नका’. त्यावर कुणीतरी हसरा चेहरा टाकला. त्यानं परत लिहिलं, ‘भाऊ खरंच नका करू डिस्क जळेल’. वरून दहा जणांचे ‘लवकर करा’ येऊन पडले आणि त्याचं लिहिलेलं वाहून गेलं.

“काय झालं रे? तोंड का उतरलं?” मावशी दारात उभी, हातात ओला पंचा.

एक मन म्हणालं, काही नाही म्हण. झालीच चालू नीट, तर कुणाला कळणारही नाही. दुसरं मन काकांच्या पाठीकडे बघत होतं.

“मावशी,” तो म्हणाला. “डिस्कला जुनी केबल लावलीय. मीच लावा म्हणालो. ती वेगळी आहे. आतून वेगळी आहे.”

मावशी जवळ आली. चष्मा कपाळावर होता तो खाली घेतला. दोन्ही केबली हातात घेऊन तिनं बघितल्या, सलाईनची नळी बघावी तशा, उजेडाकडे धरून.

“आमच्याकडे हॉस्पिटलात भिंतीतून ऑक्सिजन येतो,” ती हळू म्हणाली. “शेजारीच दुसऱ्या वायूचं तोंड असतं. पण याची नळी त्याला बसतच नाही. मुद्दाम तसं केलेलं असतं. माणूस दमलेला असतो, घाईत असतो, चुकणारच. म्हणून चुकीची नळी बसूच द्यायची नाही. हे तसं नाही का?”

“नाही. हे बसतं. खट्‌कन बसतं.”

“मग कुणी बघितलं?”

दुकानदारानं बघितलं नव्हतं, बॉस म्हणाला म्हणून. आणि बॉसनं बघितलं नव्हतं, कारण तो बॉस झाला होता ना.

“चालू केलं तर काय होईल?”

“डिस्क जाईल. कदाचित. नाही... जाईलच.”

मावशीचा हात काकांच्या खुर्चीच्या पाठीवर गेला आणि तिथंच राहिला. काका वळले नव्हते. त्यांना ऐकू गेलं का नाही, कळत नव्हतं. डावा हात मांडीवर होता, त्याचं एक बोट हलत होतं, कधीचं.

खटक्याला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, त्यालाही ओरडता आलं असतं. चष्मेवाल्याच्या नावानं, दुकानदाराच्या नावानं, केबल बनवणाऱ्याच्या नावानं. पण मावशी ओरडली नाही. तिनं फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“कधी चालू करणार म्हणाला?”

“सहाला.”

“दुकान किती लांब?”

“धावत गेलो तर... गाठेन. सिग्नल लागला नाही तर.”

“फोन मला दे लावून. मी वाजवत राहते. कधीतरी उचलेल मेला.” तिनं स्वतःचा फोन पुढे केला. “आणि तिथं जाऊन भांडत बसू नकोस. बोलूसुद्धा नकोस. आधी भिंतीतला प्लग ओढ. ऐकतोयस का? आधी प्लग.”

“आधी प्लग.”

“मग काय ते भांड.”

त्यानं तिच्या फोनवर नंबर लावून दिला. घंटा वाजायला लागली, पलीकडे कुणी नाही. त्याच्या स्वतःच्या फोनवर लाइव्हचं पान एकदम उजळलं. निळे दिवे, ते मोठं काचेचं कपाट, आणि दुकानदाराचा हसरा चेहरा अर्धा कापलेला. “आलात का सगळे? आज बॉसचं मशीन आहे बरं का!”

खटक्याची एक चप्पल पायात, एक हातात. काका आता वळून त्याच्याकडे बघत होते.

“अरे, त्याला आधी थोडं बोलायची सवय असते ना?” मावशीचा आवाज मागून आला. “लगेच नाही ना दाबत बटण? आणि तू त्याला नक्की काय सांगितलं होतंस, सगळं सांग मला, म्हणजे फोन उचललाच तर मी...”

“मावशी, नंतर. शिव्यापण नंतर दे, सगळ्या दे,” जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून खटक्या ओरडला. “आता मला जाऊ दे. मी निघालो.”