पँटच्या मापाची गाडी

तोरेल गाड्यांचा संस्थापक शिंप्याचा मुलगा होता, ही गोष्ट डॉक्टरणीने नवऱ्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती, की दाढ उपटता उपटता तिने ती पेशंटला न अडखळता सांगितली असती. तरीही समोर सोफ्यावर बसलेली कंपनीची बाई तीच गोष्ट नव्याने सांगू लागली, तेव्हा तिने मान डोलावली. पाहुणीपुढे एवढं करावंच लागतं.

कंपनीच्या सत्तरीनिमित्त एक जाडजूड पुस्तक निघणार होतं. अर्ध्यात इतिहास, अर्ध्यात मालकांचे अनुभव. ते काम या बाईकडे होतं, म्हणून गाडीमालकांच्या वर्तुळात तिला सगळे इतिहासवाली म्हणत. तीही खुशाल ओ देत असे.

"माणूस उंचीबद्दल खोटं बोलतो," इतिहासवाली चहात बिस्कीट बुडवत म्हणाली, "आणि कमरेबद्दल तर शपथ घेऊन खोटं बोलतो. पण वापरलेली पँट खोटं बोलत नाही, असं संस्थापक म्हणायचे. म्हणून आमच्याकडे गाडी नोंदवली, की रोजच्या वापरातली एक पँट कारखान्यात पाठवायची. मांडी केवढी, गुडघा कुठे, बसल्यावर घोळ किती वर चढतो, सगळं तिच्यावरून कळतं. त्यावर सीट बेतायची, पेडल बसवायचे आणि रिबिटं ठोकायची. नंतर ना पुढे, ना मागे."

"आणि माणूस जाड झाला तर?"

"तर त्याने बारीक व्हायचं. गाडी बदलणार नाही!" इतिहासवाली अभिमानाने हसली. "सत्तर वर्षांत आमचं एक माप चुकलेलं नाही, डॉक्टर."

डॉक्टरणीला हे पटलं. ती कवळ्या बसवत असे. एकाच्या तोंडाच्या मापाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात घातली तर काय होतं, ते तिला शिकवायला नको होतं.

तिच्या नवऱ्याला अख्खं शहर 'आवाज' म्हणून ओळखे. रेडिओवर बातम्या त्याच्या, जाहिरातीही त्याच्याच. केसांच्या तेलापासून बँकेपर्यंत काहीही तो अशा खर्जात विकायचा, की ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोर सहाफुटी, भरदार केसांचा पुरुष दिसावा. प्रत्यक्षात तो उंचीने बायकोच्या कानापर्यंतच पोचे, आणि केस म्हणाल तर तेलाच्या जाहिरातीत होते तेवढेच. दर सोमवारी त्याचा 'रविवारची रपेट' हा कार्यक्रम असे. आदल्या दिवशी तोरेल कुठल्या घाटात नेली, वळणावर मागचं चाक कसं घसरलं, इंजिन कसं गुरगुरलं, असं तो सांगायला लागला की आयुष्यभर सायकल चालवलेली माणसंही जागच्या जागी ब्रेक दाबत. तो कार्यक्रम ऐकूनच कंपनीने त्याला मान दिला होता. येत्या रविवारी शहरातून तोरेलची मिरवणूक निघणार होती, आणि सगळ्यात पुढे आवाजाची गाडी.

आणि तिच्या दुसऱ्या सीटवर डॉक्टरीण.

हे कागदावर साधं वाटतं. पण गाडी घरात आल्यापासून ती तिच्यात एकदाही बसली नव्हती. "दुसऱ्या बाजूला वजन आलं की हिचा तोल बिघडतो," असं आवाजाने पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, आणि त्या आवाजात सांगितलेलं काहीही खरं वाटायचं. रविवारी सकाळी ती खिडकीतून बघायची. गाडी रांगत फाटकाबाहेर जायची आणि स्टिअरिंगवर नवऱ्याची फक्त टोपी दिसायची. अशा गाड्या निजूनच चालवत असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. बाकीच्या बायकांना सवत माणूस असते, आपल्याला चारचाकी आहे, असं ती मैत्रिणींना हसत सांगायची. हसणं किती खरं होतं हे मैत्रिणींनी कधी तपासलं नाही. या रविवारी मात्र नवऱ्याच्या शेजारी तिची जागा होती. कंपनीने छापून कळवलं होतं, तेव्हा त्याला नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

आवाज स्टुडिओत अडकला होता. "तोवर आपण गाडी बघू या का?" इतिहासवालीने कॅमेरा काढला. "तुम्ही जरा ड्रायव्हरच्या सीटवर बसा. उजेडाचा अंदाज येईल. साहेब आले की त्यांचा फोटो घेऊ."

गॅरेजमध्ये तोरेल गडद लाल, अंग चोरून बसली होती. डॉक्टरणीने दार उघडलं, आत एक पाय टाकला आणि बसली.

बसली ती बसलीच.

पाठ आपणहून खोबणीत गेली. मांड्यांना आधार मिळाला. पाय लांब केले, तर दोन्ही तळवे पेडलवर अलगद टेकले. दवाखान्यातली तिची खुर्चीसुद्धा तिला इतकी नीट बसत नव्हती. तिने पुन्हा पाय सरळ केले. पुन्हा टेकले.

"साहेब तुमच्याएवढेच उंच का?" इतिहासवालीने कॅमेऱ्यातून विचारलं.

"माझ्या कानापर्यंत येतात."

कॅमेरा खाली आला. इतिहासवाली पुढे होऊन पेडल बघू लागली, मग सीट, मग पुन्हा डॉक्टरणीचे पाय. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "असं होऊच शकत नाही," ती पुटपुटली. "साहेबांचा पाय क्लचवर पोचणार कसा? पोचला तर समोरचं दिसणार कसं?"

"दर रविवारी चालवतात," डॉक्टरीण म्हणाली. म्हणता म्हणता तिने डोकं मागे टेकलं, आणि डोकं एका खळग्यात गेलं.

तिने वळून पाहिलं. डोक्यामागच्या उशीचं चामडं बरोबर मधोमध दबून गुळगुळीत झालं होतं. वाटीएवढा गोल खळगा. टकलाने असा खळगा पडत नाही. हा खळगा अंबाड्याचा होता.

कुणीतरी बाई. अंबाडा घालणारी. आपल्याएवढी उंच. वर्षानुवर्षं, दर रविवारी.

हातपाय गार पडणं म्हणजे काय, हे तिने आजवर पेशंटच्या खुर्चीच्या पलीकडून पाहिलं होतं. आता ते तिच्या वाट्याला आलं. दुसऱ्या बाजूला वजन आलं की तोल बिघडतो! बिघडणारच. ती जागा नवऱ्याचीच होती ना. तो तिथे बसणार आणि ती चालवणार!

फाटक वाजलं. आवाज लगबगीने आत आला, "माफ करा हं, उशीर," असं खर्जात म्हणाला, आणि ड्रायव्हरच्या जागेवर बायको दिसताच त्याचा तो प्रसिद्ध आवाज बंद पडला.

"कोण आहे ती?" डॉक्टरणीने विचारलं.

"कोण... कोण ती?"

"अंबाडेवाली."

आवाजाने इतिहासवालीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, शेवटी गाडीच्या टायरकडे पाहिलं. "अगं, तू समजतेस तसं नाही."

"मी काय समजते ते राहू दे. कोण?"

"तुझ्या ओळखीतलीच आहे."

"ओळखीतली!" तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. आता उरलीसुरली लाजही गेली. "वय काय तिचं?"

"मोठी आहे."

"माझ्याहून?"

"बरीच."

इतिहासवालीने उगाच कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली, पण कान इकडेच होते. मालकांचे अनुभव गोळा करायला ती आली होती, पण एवढा अनुभव तिने मागितला नव्हता.

"अहो, नाव सांगता की मी..."

"जावईबापू!" बाहेरून हाक आली. "कोट आणलाय हो फोटोसाठी. इस्त्री मोडू नका, उभ्यानेच घाला."

डॉक्टरणीची आई दारात उभी होती. चौकापलीकडची लॉण्ड्री तिची, आणि वरच्या मजल्यावर तिचंच घर. हातात हँगरला लावलेला कोट, पाठ ताठ, उंचीमुळे चौकटीखाली मान किंचित वाकवलेली. आणि त्या मानेवर वाटीएवढा, घट्ट, पांढरा अंबाडा.

डॉक्टरणीने अंबाड्याकडे पाहिलं. उशीकडे पाहिलं. पुन्हा अंबाड्याकडे पाहिलं.

"आई?"

आईने लेकीला गाडीत पाहिलं, जावयाच्या चेहऱ्यावरून उरलेलं वाचलं, आणि कोट शांतपणे खिळ्याला अडकवला. "सांगितलंत वाटतं."

"मी नाही सांगितलं, सासूबाई! अंबाड्याने सांगितलं."

"तू? तू गाडी चालवतेस? तुला तर जिना चढताना माझा हात लागतो!"

"गुडघे चढताना दुखतात गं. दाबताना नाही दुखत."

इतिहासवाली मध्येच पुढे झाली. "पण माप? माप कुणाचं आहे हे?"

आईने पदराने कपाळ टिपलं. "ह्यांचं. हिच्या वडिलांचं." मग लेकीकडे न बघता ती सांगू लागली. "ते गेले, तरी त्यांच्या पँटी मी दर आठवड्याला धुऊन इस्त्री करत होते. हसू नका, लॉण्ड्रीवालीची सवय ती. तेव्हाच जावईबापूंनी स्वतःची पँट दिली, कारखान्यात पाठवायचीय, नीट कडक करून द्या म्हणाले. मी कागदात बांधून दिली, ती ह्यांची निघाली. त्यांनी पुडकं न उघडता पाठवलं. आमच्या लॉण्ड्रीचं पुडकं उघडून बघायची कुणाला कधी गरज पडली नव्हती."

"आणि गाडी आली," आवाज म्हणाला. त्याचा खर्ज पार घशात गेला होता. "मी बसलो. पाय हवेत. लहान पोराला पाळण्यात ठेवल्यासारखा."

"उशी घ्यायची पाठीला!"

"घेतली. पहिल्याच वळणावर सरकली. फाटकाचा खांब दूधवाल्याने नाही पाडला, मी पाडला."

"आमच्या दुकानातून एका गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा कधी बदलला नव्हता," आई म्हणाली. "आणि चुकले ते जावयाच्या बाबतीत. मी म्हटलं, सांगू नका कुणाला, मीच चालवते. तुझ्या बाबांबरोबर लॉण्ड्रीची व्हॅन मीच चालवायचे, तुला आठवत नसेल. हे कसेबसे लोळत गाडी दुकानामागच्या गल्लीत आणतात, तिथे मी बसते."

"आणि रेडिओवर? ते घाट, ती वळणं?"

"सगळं खरं आहे," आवाज कळवळून म्हणाला. "चाक खरंच घसरलं होतं. फक्त चालवत सासूबाई होत्या. मी किंचाळत होतो."

डॉक्टरणीला हसू आलं असतं, पण रडूही तिथेच अडकून बसलं होतं. सवत नव्हती हे बरं झालं. पण सवत असती तर निदान तिच्याशी भांडता आलं असतं. सख्खी आई आणि नवरा, दोघांनी मिळून तिला खिडकीत उभं केलं होतं. "मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं, तर आई खिळ्यावरच्या कोटाची बाही सरळ करू लागली आणि आवाज टायरची धूळ पुसू लागला.

इतिहासवालीने घसा साफ केला. "माफ करा, पण रविवारचं काय? पुढची गाडी रांगत जाऊन चालणार नाही. आजी, तुम्ही चालवाल?"

"मी तयार आहे."

"लायसन्स आहे ना?"

आईने अंबाड्यावर हात फिरवला. "होतं."

"होतं म्हणजे?"

"डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आधी होतं."

"आई!" "आजी!" डॉक्टरीण आणि इतिहासवाली एकदम ओरडल्या. आवाज भिंतीला टेकला. हे त्यालाही नवीन होतं. इतक्या रविवारांचे घाट त्याच्या डोळ्यांपुढून एकदम गेले असावेत.

"किल्ली दे," डॉक्टरीण म्हणाली.

"तुला झेपायची नाही ती. दवाखान्यात नेतेस ती तुझी डबीएवढी गाडी वेगळी."

"आई, किल्ली."

आईने कमरेला खोचलेली दुसरी किल्ली काढली. देताना बोटं जरा जास्तच वेळ तिच्यावर रेंगाळली. मग ती बाजूच्या सीटवर जाऊन बसली, कुणी बोलावलं नव्हतं तरी. "क्लच हळू सोड. ही लगेच रागावते."

"मी?" आवाजाने बाहेरून विचारलं.

"तुम्ही रविवारी माझ्या शेजारी. तोल बिघडला तर बघू."

पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदाही. आई म्हणाली, "दात उपटतेस तसं नको करू." तिसऱ्यांदा गाडी अंगणातून सुटली, ती थेट मोठ्या रस्त्याला लागली. तळव्याखालून काहीतरी गुरगुरत वर आलं, पाठीच्या कण्यातून डोक्यात गेलं, आणि झाडं नुसते हिरवे फराटे झाली. डॉक्टरीण ओरडली. भीतीने ओरडली असं आईला वाटलं, तिने पटकन लेकीचा दंड धरला.

"घाबरलीस? थांबव."

डॉक्टरणीने थांबवली नाही. बाबांच्या मांड्यांच्या खोबणीत बसून ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती, आणि 'मला का नाही सांगितलंत?' हा प्रश्न तिला आता पुन्हा विचारावासा वाटेना. ही गाडी तिच्या हाती आधी लागली असती, तर तिनेही घरात कुणाला सांगितलं नसतं. ना नवऱ्याला, ना आईला. हे तिला इतकं लख्ख कळलं, की त्या धक्क्याने तिचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणखी खाली गेला.