शेवटची नळी

"काकू, ही पण वाफवायची," नव्या मॅडम म्हणाल्या, आणि प्रयोगशाळेत गाळाच्या नळ्या सांभाळणाऱ्या गाळकाकूंचा हात नळीवरच राहिला.

प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलणार होती. जुना गाळ फेकायच्या आधी वाफेत ठेवून त्यातले सूक्ष्मजीव मारायचे, असा नियम. बाकीच्या नळ्या झाल्या होत्या, ही तेवढी उरली होती. आत खाडीच्या मुखाचा काळा गाळ, वर बोटभर पाणी. काकूंच्या नवऱ्याने, म्हणजे प्रयोगशाळेच्या नावाड्याने, ती ओहोटीच्या वेळी कमरेएवढ्या चिखलात उभं राहून काढली होती. पुढे तो गेला आणि तो काठही गेला. तिथे आता धक्का आहे.

प्रयोग केव्हाच संपला होता. तरी काकू दर सोमवारी वरच्या पाण्यात नायट्रेटचे थेंब सोडायच्या. गाळातले जीव ते फस्त करायचे आणि त्याचा वायू करून हवेत सोडून द्यायचे. "तुझ्या माहेरच्यांसारखेच," नवरा म्हणायचा, "कितीही वाढा, मागे काही उरायचं नाही." काकू तेव्हा फणकारायच्या. आता त्याच वाक्यासाठी जीव तुटायचा.

"खाडीत सोडू का? तिथूनच तर आणलाय."

मॅडमनी पाणी तपासलं. नायट्रेट जवळजवळ संपलं होतं. "जिवंत आहेत काकू, म्हणूनच नाही सोडता येत. इतकी वर्षं तुमच्या हातचं खाऊन ते आता खाडीतले राहिले नाहीत. बाहेर जाऊन काय करतील, कोण सांगणार?"

म्हणणं खरं होतं, त्यामुळे भांडताही येईना.

"मग मीच लावते," काकू म्हणाल्या. गाळ काचेच्या भांड्यात काढला, वाफेच्या कुकरमध्ये ठेवला, झाकण आवळलं. दाबाचा काटा वर चढू लागला तसा त्यांना हुंदका आवरेना. मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या.

भांडं निवल्यावर त्यांनी ते काकूंच्या हातात दिलं. "आता न्या हवं तर. आता हरकत नाही."

संध्याकाळी काकू धक्क्यावर गेल्या. ओहोटी लागली होती. "जिवंतपणी नाही हो सोडू दिलं मॅडमनी," त्या हळूच नवऱ्याला म्हणाल्या आणि भांडं उपडं केलं. गाळ थोडा वेळ पाण्यात पसरून राहिला, मग काँक्रीटच्या कडेकडेने समुद्राकडे निघाला. काकूंनी भांडं तिथेच विसळलं. सकाळी ते परत द्यायचं होतं.